हृदयात साठलेले लोह

येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला आमच्या धर्मग्रामात रक्तदान शिबिर भरते. किती पिशव्या रक्त जमले, हे मी मिस्साअखेर मोठ्या अभिमानाने जाहीर करीत असे. त्या वेळी डोळ्यांपुढे असे तो आमचा एक वेदीसेवक. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. तान्हेपणापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. पहिल्या शुक्रवारी त्याच्या आजीला ख्रिस्तशरीर देण्यास मी जाई, तेव्हा न चुकता विचारी, "काय रे, रक्त मिळाले ना?" "मिळाले, फादर." माझी चौकशी तेथेच संपे.

सतरा वर्षांचा झाल्यावर एकदा तो सहज म्हणाला, "लोह काढायच्या गोळ्यांनी मळमळते, फादर. मी घेतच नाही. आईला सांगू नका." मी हसलो आणि सांगितले नाही. हा काही पापनिवेदनातला शब्द नव्हता. बोलण्यास मला कोणतीच आडकाठी नव्हती. पोरवयातील हट्ट म्हणून मी ते सोडून दिले.

वर्षभराने वेदीच्या तीन पायऱ्या चढताना त्याला धाप लागली.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला जे समजावले, ते मी त्या घरी इतकी वर्षे जात असूनही मला ठाऊक नव्हते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर दिवसाकाठी टाकते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची वाटच देवाने शरीरात ठेवलेली नाही. ते यकृतात, ग्रंथींत आणि अखेर हृदयाच्या स्नायूंत साठते; मग ठोके अनियमित होतात, हृदय दुबळे पडते. नियमित रक्त मिळणाऱ्या या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण पंडुरोग नसून हृदयविकार ठरले, ते यामुळेच. जे रक्त त्याला जगवीत होते, त्याचेच लोह त्याचे हृदय पोखरीत होते!

हे साठणे बराच काळ कळतही नाही. रक्तातील फेरिटिन बरे दिसले तरी हृदयात लोह असू शकते आणि इको तपासणीत दोष दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यासाठी हृदयाचा खास एमआरआय करतात. त्यातील 'टी-टू-स्टार' हे माप २० मिलिसेकंदांच्या खाली गेले, तर हृदयात लोह आहे असे समजावे. १० च्या खाली गेले, तर धोका मोठा. आमच्या मुलाचे माप ८ होते.

त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला, "फादर, तुम्हाला माहीत होते?" मी होय म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

सुदैवाने हे लोह काढता येते आणि वेळीच काढले तर हृदय पुष्कळसे सावरते. आता रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून पंपाने आठ-दहा तास औषध जाते. शिवाय डेफेरिप्रोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा. या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते आणि ताप आल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे धावावे लागते. अठरा वर्षांच्या मुलाला हे रोजचे बंधन जाचते, यात नवल नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते, कोण जाणे.

रक्तदान शिबिर यंदाही झाले. पिशव्यांचा आकडा सांगून झाल्यावर मी लोहाविषयीही बोललो. त्याचे नाव अर्थातच घेतले नाही.

परवाच्या पहिल्या शुक्रवारी त्याच्या घरी गेलो, तेव्हा विचारले, "दुपारची गोळी घेतलीस?" तो ओशाळून हसला. आजी काठी टेकीत उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.