डंप, लोड आणि शुक्रवार

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शुक्रवारची सुट्टी. सर्व्हर बंद ठेवायला दिवस सोयीचा, पण विजेच्या दुरुस्तीची कामंही शुक्रवारीच निघतात. यूपीएसच्या भरवशावर मोठी सबव्हर्जन रिपॉझिटरी नव्या सर्व्हरवर लोड करायला घेऊ नये. गुरुवारी संध्याकाळी सुरुवात करावी, आणि त्याआधी जनरेटरचं डिझेल बघावं.

*

मशीनची ड्रॉइंग्ज सबव्हर्जनमध्ये. ‘अजून गिट नाही?’ असं नवी पोरं विचारतात. गिट कोडला झकास. पण कॅडच्या फायली मर्ज होत नाहीत. एकाने घेतली की दुसऱ्याने हात लावू नये, एवढंच हवं. ते लॉक सबव्हर्जनमध्ये २००५ च्या १.२ पासून आहे. आम्हाला पुरे.

*

अगदी जुनी रिपॉझिटरी असेल तर बर्कले डीबीवरची निघते. अपग्रेडची कमांड तिचं एफएसएफएस करून देत नाही. जुन्याच सर्व्हरवर डंप काढायचा आणि १.१४ वर रिकाम्या रिपॉझिटरीत लोड करायचा. एफएसएफएस असली तरी मी हेच करतो. अपग्रेडने फॉरमॅटचा आकडा वाढतो, जुन्या रिव्हिजन काही नव्याने लिहिल्या जात नाहीत.

*

लोड अडतो तो बहुधा जुन्या लॉग मेसेजपाशी. ओळीच्या शेवटी विंडोजचं सीआरएलएफ असतं, नव्या आवृत्तीला नुसतं एलएफ लागतं. १.१० पासून लोडला ‘नॉर्मलाइज प्रॉप्स’ लावता येतं. पूर्वी लोक डंप फाइल हाताने दुरुस्त करत. त्यात प्रत्येक प्रॉपर्टीची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. एक बाइट कमी झाला की पुढचं सगळं फिसकटलं.

बाकी ते मेसेज वाचण्यासारखे असतात. ‘फायनल.’ ‘फायनल २.’ ‘साहेबांनी सांगितलेलं फायनल.’

*

हुक आणि कॉन्फ फोल्डर डंपमध्ये येत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. लॉकही येत नाहीत, हे मात्र शनिवारी कळतं: एकाच गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर दोघं बसलेले. म्हणून आधी लॉकची यादी काढायची आणि एकेकाला फोन. ‘दादा, तेवढं कमिट करून टाका.’

*

बॅकअपची डिस्क तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती.

*

लोड संपला की व्हेरिफाय चालवा. ते शेवटच्या रिव्हिजनपर्यंत नीट जात नाही तोवर जुना सर्व्हर फॉरमॅट करू नका, साहेब कितीही घाई करोत.