व्यत्यय

‘व्यत्यय’ हा शब्द मला प्रथम भेटला तो दूरदर्शनच्या पडद्यावर. वेदातील नियमाबाहेरच्या रूपांसंबंधी पाणिनीनेही हाच शब्द वापरला आहे, हे कळायला एम.ए.चा वर्ग उजाडावा लागला. तोवर माझ्यापुरता त्याचा अर्थ पक्का झाला होता: चित्र जाणे, आणि पाठोपाठ दिलगिरीची पाटी येणे. दोष केंद्राचा असला की पाटी येई. दोष घरातला असला तर पाटी कोणी दाखवायची, हा प्रश्न मात्र आमच्या घरी अनुत्तरितच राहिला. त्याचीच ही गोष्ट आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागले. आमच्या वाड्यात संच यायला १९८० साल उजाडले. कृष्णधवल संच, लाकडी पेटी, कौलांवर सिंहगडाकडे रोख धरून बसवलेला अँटेना. संच आमचा असला तरी प्रेक्षक साऱ्या वाड्याचे होते. वरच्या मजल्यावर एक काकू राहत. यजमान अकाली गेलेले, दोन मुले शिकायची. ब्लाउज शिवून त्या घर चालवीत. त्याच वर्षी त्यांनी शिवणयंत्राला विजेची मोटर बसवून घेतली होती.

काही महिन्यांनी संचाला एक खोड लागली. साडेसहाला लावला की चित्र स्वच्छ असे; सव्वाआठच्या सुमारास मात्र पडद्यावर मुंग्या येत. आधी विरळ, मग इतक्या दाट की निवेदिकेचा चेहरा त्यांत बुडून जाई. आवाजालाही खरखर लागे. कधी दहा मिनिटांत सारे पूर्ववत होई, कधी रात्रभर तसेच राही. दुरुस्तीवाले बोलावले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येत, मागचे झाकण काढत, संच लावून पाहत आणि ‘काही दोष नाही’ असे सांगून जात. रोग आहे, पण वैद्यासमोर लक्षण दाखवीत नाही, अशी ती अवस्था.

बाबांनी मग स्वतःच निदान केले. काकू स्वयंपाक आटोपून रात्री आठनंतर यंत्रावर बसत. मोटरीची घरघर खाली ऐकू येई आणि थोड्याच वेळात मुंग्या दिसत. मोटरीच्या ठिणग्यांनी चित्र बिघडते हे बाबांनी कुठेतरी वाचले होते, आणि ते खोटेही नव्हते. त्यांनी वाड्याच्या मालकांच्या कानावर घातले. मालकांनी काकूंना सांगितले की संध्याकाळी मोटर लावायची नाही. काकू एवढेच म्हणाल्या, “बरं. पायाने चालवीन.” त्या दिवसापासून त्या आणि त्यांची मुले आमच्याकडे टी.व्ही. पाहायला आली नाहीत.

मुंग्या मात्र येतच राहिल्या. ‘चोरून लावत असतील,’ असे बाबा म्हणत.

पुढच्या उन्हाळ्यात एक वयस्क दुरुस्तीवाले आले. ते सकाळी यायला तयार नव्हते. “बिघाड येतो त्या वेळी मला बोलवा,” म्हणाले. सातला येऊन खुर्चीत बसले आणि पहिला तास त्यांनी संचाला हातही लावला नाही. फक्त विचारले, “रोज आठलाच होतं? शनिवारी, रविवारी?” आई म्हणाली, “सिनेमाच्या दिवशी लवकर होतं. सातच्या आसपास.” त्यांनी विचारले, “सिनेमाला संच कधी लावता?” “साडेपाचला.” त्यांनी मान हलवली. बिघाड घड्याळाला बांधलेला नव्हता. संच तापण्याला बांधलेला होता.

मुंग्या आल्या तेव्हा त्यांनी अँटेनाची तार काढून स्वतःजवळचा दोन दांड्यांचा छोटा अँटेना जोडला. फरक पडला नाही. म्हणजे दोष छपरावर नव्हता, तारेतही नव्हता. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम ढासळत होते. म्हणजे दोघांची वाट जिथे एक असते तिथेच, ट्यूनरच्या आसपास, शोध घ्यायचा. मुंग्या दिसत होत्या याचा अर्थ पुढची यंत्रणा जागी होती. तिच्यापर्यंत संकेत तेवढा पोहोचत नव्हता. त्यांनी मागचे झाकण काढले आणि पाच मिनिटांत चित्र सुधारले. आधीच्या साऱ्यांची फसगत इथेच झाली होती: थंड संचाचे ते झाकण काढत, आतले भाग तापतच नसत, आणि दोष दडून राही. यांनी टेबललॅम्प मागवला, त्याची ऊब ट्यूनरवर धरली आणि एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारली. मुंग्या आल्या. पुन्हा टिचकी मारली. मुंग्या गेल्या. भिंगातून पाहिल्यावर एका पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसली. तापले की धातू प्रसरण पावतो, चीर उघडते. निवले की मिटते. त्यांनी ती जागा नव्याने सोल्डर केली. काम दोन मिनिटांचे होते.

निघताना बाबांनी मोटरीचा विषय काढला. ते म्हणाले, “मोटरीचा त्रास असता तर तुटक रेघांचे पट्टे आले असते. पायाखालची कळ दाबली की येणार, सोडली की जाणार. मुंग्या म्हणजे संकेत क्षीण. पडदा स्वतःच सांगत असतो की.”

पडदा स्वतःच सांगत असतो, हे मला पुढे पुरते पटले. चित्राच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसते, ती डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा आलेल्या लहरींची. आपल्याकडच्या प्रक्षेपणात एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांत आखली जाई, त्यातील साधारण ५२ मायक्रोसेकंद पडद्यावर दिसत. आणि लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर सावली आठेक मिलिमीटर सरकलेली असेल, तर ती लहर सुमारे तीनशे मीटरचा वळसा घालून आली असे समजावे. काचेवर पट्टी धरून न पाहिलेल्या भिंतीचा माग काढता येत असे! आज ती सोय उरलेली नाही. दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. आताचे चित्र एक तर निर्दोष असते, नाही तर चौकोन होऊन गोठते. बिघाड आपली हकिगत पूर्वीइतक्या तपशिलाने सांगत नाही.

आमच्या संचाने मात्र ती सांगितली होती. आम्ही वाचली नाही. आणि याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. मोटर बंद होण्याआधीच्या रविवारी सातला मुंग्या येत, तेव्हा काकू आमच्याच सतरंजीवर बसून सिनेमा पाहत असत. त्यांचे यंत्र वर मुके पडलेले असे. हे साऱ्यांनी पाहिले होते, मीही. पण रविवारचा बिघाड आम्ही हिशेबातच धरला नाही. ‘होतं कधीकधी,’ म्हणून सोडून दिला. आरोपी आधी ठरला होता. पुरावा मग सोमवार ते शुक्रवार गोळा झाला.

त्या रात्री बाबा जिन्याच्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकरवी निरोप पाठवला, ‘मोटर लावायला आता हरकत नाही.’ ती दिलगिरी नव्हती, परवानगी होती. काकू आईला म्हणाल्या, “राहू दे वहिनी. पायाची सवय झाली आता.” दोन वर्षांनी त्यांनी वाडा सोडला. बाबांना दोष देणे मला सोपे नाही. आईने ‘सिनेमाच्या दिवशी लवकर’ म्हटले, त्या क्षणी मला सारे उमगले होते, आणि मी तेरा वर्षांचा होतो. जिना मलाही चढता आला असता.

पुढे मी साहित्य शिकवू लागलो. कवीच्या आयुष्यातले एखादे दुःख आधी हाती धरायचे आणि मग ओळीओळीत तेच ऐकायचे, हा आमच्या व्यवसायातला नेहमीचा दोष. मीही तो पुष्कळदा केला आहे. अशी अर्थनिर्णयने बरीचशी जुळतात, म्हणूनच ती धोक्याची. मोटरही आठवड्यातले पाच दिवस जुळतच होती. म्हणून एखादा विद्यार्थी फार खात्रीने अर्थ मांडू लागला की मी विचारतो, “यातला रविवार कुठला?” न जुळणारी ओळ शोधायची, असा वर्गात त्याचा अर्थ रूढ झाला आहे. हा शब्द आला कुठून, हे मी अजून कोणाला सांगितले नव्हते.