पाहुणं पिल्लू

आमच्या गंगाखेडात गोदावरीच्या काठावरून एका विद्यार्थ्यानं पाणदिवड सापाचं पिल्लू बाटलीत घालून शाळेत आणलं. "गुरुजी, बिनविषारी आहे. याला पाळायचंय. दिवसातून किती वेळा हातात घेऊ?"

"एकदाही नाही."

त्याचा चेहरा पडला. खरं सांगू, हात लावायचा मोह मलाही झाला होता. पण हातात धरलं की सापाला शत्रूनं पकडल्यासारखंच वाटतं. घाबरलेलं पिल्लू खाणंही सोडतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. आणि ओळख चुकली तर? बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार सारखेच दिसतात. मण्यारचं पिल्लू तर जन्मापासूनच विषारी!

संध्याकाळी आम्ही नदीकाठी बाटली आडवी केली. पिल्लू सळसळत पाण्यात गेलं.

"गुरुजी, वळून पाहिलंसुद्धा नाही!"

"घरी निघालेला कशाला वळेल?"

तुम्हीही साप लांबूनच पाहा, अन् लगेच मोठ्यांना सांगा.