रुंद लेन्स, अरुंद खोली

जोड्याचा नंबर पाय ठरवतो, चष्म्याचा नंबर डॉक्टर ठरवतो आणि लग्नातल्या आहेराचा आकडा बायको ठरवते. कॅमेऱ्याच्या लेन्सचा नंबर मात्र ज्याचा त्यालाच ठरवावा लागतो. त्यातून ती लेन्स ‘वाइड अँगल’ असली, तर दुकानात जाण्यापूर्वी माणसाने आपल्याला नेमके काय दाखवायचे आहे, हे मनाशी पक्के केलेले बरे.

मला ती हवी होती एका खोलीसाठी. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात जायची होती. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी आमची खोली. तिच्यात सात माणसे राहिली, पाहुणे वेगळे. ती पडण्यापूर्वी तिचा असा एक फोटो हवा होता, की ज्यात ओटा, मोरी, पोटमाळा आणि वडिलांची खुर्ची सारे एकदम दिसावे.

माझ्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर १८-५५ मि.मी.ची लेन्स आली होती. आकडा जितका लहान, तितकी लेन्सची नजर रुंद. पण १८ वर ठेवून आणि दाराला पाठ लावूनसुद्धा डावीकडचा ओटा चौकटीत आला की उजवीकडची मोरी जाई. याचा हिशेब सोपा आहे. जुन्या फिल्मची चौकट ३६ मि.मी. रुंद असे, माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर भरतो २२.३ मि.मी. त्यामुळे १८ ची लेन्स त्याच्यावर फिल्मवरच्या २९ सारखी वागते. दहा फूट रुंदी दिसायला तिला आठ फूट मागे सरावे लागते. बारा फुटांच्या खोलीत आठ फूट असे गेले, तर बाकी राहिले काय? १० मि.मी.च्या लेन्सला तेच काम साडेचार फुटांत जमते.

फोर्टातल्या दुकानदाराने काचेवर दोन लेन्स मांडल्या. एक १०-१८ ची, हलकी आणि त्या मानाने स्वस्त. तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे भोक, ४.५ ते ५.६ चे. दुसरी ११-१६ ची, जड आणि महाग. पण अ‍ॅपर्चर २.८ चे.

“साहेब, चाळीत अंधार असतो. ही मोठीच घ्या,” तो म्हणाला.

त्याचे बोलणे खोटे नव्हते. २.८ मधून ५.६ च्या चौपट उजेड येतो. रात्रीचे आकाश किंवा मांडवातली धावपळ टिपणाऱ्याने तीच घ्यावी. पण आमची खोली कुठे पळून जाणार होती? ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून शटर दोन सेकंद उघडे ठेवले, की पोटमाळ्यावरचा पत्र्याचा डबादेखील दिसतो. मी हलकी लेन्स घेतली.

आईला समोरच्या भिंतीशी वडिलांच्या खुर्चीत बसवले, भाच्याला कडेला उभे केले आणि १० वर फोटो काढला. सारे मावले. आईने तो बराच वेळ पाहिला.

“ही कुणाची रे खोली?” ती म्हणाली. “एवढी ऐसपैस असती, तर तुझ्या आत्याला गॅलरीत निजावं लागलं असतं का?”

रुंद लेन्सची गंमत आहे ती इथेच. सारे चौकटीत घ्यायचे तर लहान व्हावेच लागते. त्यात आपण जवळ उभे, म्हणून पुढची वस्तू फुगते आणि मागची भिंत दूर पळते. फ्लॅटच्या जाहिरातींतले दिवाणखाने असेच प्रशस्त होतात. खुर्ची भातुकलीतली दिसत होती, आणि खुर्चीत आई. सरळ रेघा सरळच ठेवायच्या म्हणून ही लेन्स कडेचे सारे ताणते. त्यामुळे सडपातळ भाचा चांगला बाळसे धरून बसला होता. कॅमेरा जरा वर कलला असता, तर भिंतीही एकमेकींवर रेलल्या असत्या.

मग मी दोन फोटो काढले. एक रिकाम्या खोलीचा, १० वर, कॅमेरा अगदी सपाट धरून. दुसरा माणसांचा, १८ वर. सगळ्यांना खुर्चीभोवती दाटीने बसवले. मोरी गेली, ओटा अर्धा तुटला. पण खांद्याला खांदे लागले आणि खुर्ची खुर्चीएवढी झाली. “१८ तर जुन्या लेन्सवरही होतं,” सौ.ने लगेच सुनावले. होतेच, पण ओटा आणि मोरी एकत्र यायला १० च लागला.

म्हणून कोणी विचारले, तर मी सांगतो: लेन्समध्ये किती मावते ते पाहाच, पण मावलेल्या माणसांपासून आपण किती दूर जातो, तेही पाहा. पहिल्या फोटोत आमच्या खोलीतले सगळे सामान आहे. दुसऱ्यात आहे ती नुसती अडचण. नव्या घराच्या भिंतीवर आईने ती अडचणच फ्रेम करून लावायला सांगितली.