गुन्हा कबूल?

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. बोईसरजवळच्या खेड्यातला, मच्छीमाराचा मुलगा. पण चकलीला हात लावीना. खोदून विचारले तेव्हा कळले. २०२३च्या उन्हाळ्यात गावच्या विहिरींचे पाणी बिघडले, म्हणून बाया रिकामे हंडे घेऊन तासभर रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांत हाही होता. दगड नाही, शिवी नाही. तरी सरकारी हुकूम मोडल्याचा खटला झाला, आणि आता नोकरीसाठी लागणारा पोलिसांचा दाखला अडला.

मी मास्तरकीच्या सवयीने सल्ला देऊन मोकळा झालो, "अरे, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि सूट."

तो हळूच म्हणाला, "गुरुजी, चौदा ऑगस्टला आम्हांला रांगेने हुतात्मा चौकात कोण नेत असे?"

मी निरुत्तर झालो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर यांच्यासह पाच जण पडले. त्या वेळच्या सरकारला तेही गुन्हेगारच वाटले असतील! वर्षानुवर्षे मी मुलांकडून ती नावे पाठ करून घेतली. अर्थ मात्र मीच विसरलो होतो.

दिवाळी सरताच पहाटेची गाडी धरून आम्ही मुंबईला वकिलांकडे गेलो. माझा सल्ला ऐकून ते हसले. "कबुली म्हणजे दोष सिद्ध. दंड एकदाच भरायचा, पण तो डाग जन्मभर प्रत्येक अर्जात लिहायचा!"

मग त्यांनी समजावले. शांतपणे, निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिला आहे. जुन्या १८८व्या कलमाखाली खटला चालवायचा, तर ज्याचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयापुढे यावी लागते. नुसता पोलिसांचा कागद पुरत नाही. मुळातच आधार नसलेला खटला उच्च न्यायालय रद्द करू शकते. एखाद्या कायद्याला शांतपणे विरोध करणारे केवळ तेवढ्यावरून देशद्रोही ठरत नाहीत, असे औरंगाबाद खंडपीठाने २०२० साली म्हटलेच आहे.

अर्ज दाखल झाला. निकाल अजून नाही. तोवर दाखला नाही, नोकरीही नाही. तो वडिलांच्या होडीवर जातो.

यंदाही तो फराळाला येणार आहे. चकली खाईल की नाही, ते पुढच्या तारखेवर आहे.