अंगणातली अडत

सुगी आटपली की वैरागच्या शिवारात कडब्याच्या गंजी लागतात आणि आमच्या अंगणात गाड्या बनायला लागतात. ज्वारीचं चिपाड सोललं की आत पांढरा, हलका गर निघतो. सालीच्या काड्या त्या गरात खुपसत गेलं की बैलगाडी होते, तराजू होतो, चष्मा होतो. आमच्याकडच्या पन्नाशीच्या कुणालाही विचारा, लहानपणी त्यानं हे केलेलं असतं. त्याच्या नातवाला मात्र चिपाड हातात धरू देत नाहीत. साल धारदार असते, बोट कापतं, हे खरंच आहे. म्हणून सोलायचं कसं ते आधी मी सावकाश करून दाखवते आणि मग बाजूला होते.

गेल्या सुगीनंतर पाच वर्षांच्या एका मुलीनं गाडी केली. चाकं गराच्या चकत्यांची. गाडी ओढली की चाकं फिरायची नाहीत, नुसती फरफटत यायची. ती माझ्याकडं आली. मी विचारलं, "कुठं अडतंय?" तिनं चाक बोटानं फिरवून पाहिलं, उत्तर न देता परत गेली. चाकाचं भोक काडीनं मोठं केलं, तर चाक लटपटायला लागलं. दुसरं चाक कापलं, भोक जरा बेतानं पाडलं. मधे एक मुलगा येऊन तिच्या शेजारी बसला, त्यानं काडीच्या टोकाला गराचा तुकडा खोचून दिला, म्हणजे चाक निसटणार नाही. माझे हात शिवशिवत होते, पण मी तूर निवडत बसून राहिले. दुपारी घरी जाताना ती गाडी रस्त्यानं ओढत नेली. आस आणि चाक यांच्यात किती जागा लागते हे तिला आता कुणी सांगायला नको.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात नोकरी घालवली. निवृत्तीनंतर घराच्या अंगणात सकाळच्या वेळी तीन ते सात वयाची मुलं जमवू लागले. ही शाळा नव्हे. पाटी लावलेली नाही, दाखला मिळत नाही. पहिलीत असतानाच पाटी पाहून घाबरणारी, "बाई, चुकलं तर?" असं लिहायच्या आधीच विचारणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. ती भीती पहिलीत आलेली नसायची. ती त्याच्या आधीच, तीन-चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबताना शिरलेली असायची.

नोकरीत असताना एकदा डहाणूजवळच्या कोसबाडला जाणं झालं. तोवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं डी.एड.च्या परीक्षेपुरती पाठ होती. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम केलं, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गिजुभाईंचं ते बालमंदिर 1920 चं. त्याच्याही मागं माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत सुरू केलेलं बालगृह. एवढा सगळा वारसा हाताशी असताना ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला, खेड्यात, काम सुरू केलं. अनुताई तिथंच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर होत्या. माँटेसरीची लाकडी साधनं महाग, ती वारल्यांच्या पाड्यावर कुठून येणार? या बायकांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले आणि त्यांतून मोजणं, लावणं, वेगळं करणं शिकवलं. मुलं शाळेत येईनात तर त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणात शाळा भरवली. ती टेकडी चढताना माझ्या मनात एकच होतं, की हे वैरागला का होऊ नये?

महाराष्ट्रात यानंतर चांगल्या शाळा झाल्या. लीलाताई पाटलांचं कोल्हापुरातलं सृजन आनंद 1985 चं, फलटणचं कमला निंबकर बालभवन 1986 चं, पुण्यातलं अक्षरनंदन 1992 चं. त्या शहरातल्या, म्हणून आपल्याला परवडणार नाहीत, असं आमच्याकडं बोललं जातं. पण मुळात हे काम वाढलं ते पाड्यावर, हे लोकांना सांगावं लागतं.

अंगणात एका कडेला मुलांच्या हाताला येईल अशी फळी आहे. तिच्यावर तूर, उडीद, करडई, ज्वारी डब्यांत, छोटं सूप, खलबत्ता, सुई-दोरा, कात्री, काळ्या मातीचा गोळा ओल्या फडक्यात. मुलानं यावं, हवं ते घ्यावं, हवा तितका वेळ करावं, झालं की जागेवर ठेवावं. दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही. इतकाच नियम. तीन वर्षांच्या मुलांना मात्र कडधान्य एकटं देत नाही, नाकात-कानात दाणा जायला वेळ लागत नाही. पाण्याचा खेळ टबापुरता, आणि ते पाणी नंतर कढीपत्त्याला. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळं त्यावर कुरकुर होत नाही.

सगळ्यात जास्त रमतात ती अडतीत. वैराग बाजारपेठेचं गाव, मुलांनी काटा आणि लिलाव पाहिलेला असतो. एकदा त्यांनी आपण होऊन अडत मांडली. पोत्यांऐवजी पिशव्या, खडे म्हणजे वजनं. एक जण भाव पुकारतो, दुसरा वाढवतो, तिसरा मापाडी. दोन पिशव्या सारख्या दिसतात पण एक जड का, यावर भांडण झालं. एकीत तूर होती, एकीत करडई. मग दोन्ही सारख्या वाटीनं मोजून तराजूत घातल्या. करडई हलकी निघाली. चार वर्षांच्या मुलांसमोर आकारमान आणि वजन हे शब्द मी उच्चारले नाहीत, उच्चारायची गरज नव्हती.

मग एकाला वाटलं, पावती हवी. त्यानं कागदावर रेघोट्या ओढून फाडून दिलं. घेणाऱ्यानं विचारलं, "ह्यात माझा माल कुठाय?" हे त्याला पटलं. तो माझ्याकडं आला, "बाई, तूर कशी लिवायची?" मी लिहून दिलं. त्यानं ते कितीदा तरी गिरवलं, पावतीवर उतरवलं, दुसऱ्या दिवशी उडीद विचारला. त्याच्या वडिलांनी आठवड्यापूर्वीच मला विचारलं होतं, "बाई, पोरगं निस्तं मातीत खेळायलंय, लिवायचं कवा?" मी त्यांना ती पावती दाखवली. ते बराच वेळ कागद हातात धरून उभे होते.

मुलांवर सोपवणं म्हणजे आपण उठून जाणं, असं काहींना वाटतं. तसं मी मानत नाही. कुठलं मूल काय टाळतंय, कुणाला काय दाखवायची वेळ आली आहे, हे रोज पाहावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवावंच लागतं आणि मी शिकवते, बसून, अक्षरं दाखवून. आणि द्राक्षबागेत विरळणी-खुडणीला जाणाऱ्या आईला दिवसभर मूल ठेवायला जागा हवी असते. सकाळच्या माझ्या अंगणानं तिची अडचण भागत नाही. ती अंगणवाडीनंच भागायची. म्हणून माझं लक्ष अंगणवाडीकडं जास्त असतं, तिथं मला बोलावतात तेव्हा मी फळी आणि डबे घेऊन जाते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा मानला आणि तो खेळातून, कृतीतून शिकण्याचा ठरवला. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या तेराव्या कलमानं शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला बंदी आहे. तरी मुलाखतीसाठी ए ते झेड पाठ करून घेणारे आईबाप माझ्या गल्लीत दर वर्षी दिसतात, आणि पाठ होईना म्हणून रडणारी मुलंही.

वैराग आणि पंचक्रोशीतल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मूल सहाचं होईपर्यंत त्याला लिहायचा गृहपाठ देणाऱ्या ठिकाणी घालू नका. शाळा बघायला जाल तेव्हा फी आणि गणवेशाच्या आधी एवढं विचारा, की सकाळभर माझं मूल हातानं काय करणार आणि ते कोण ठरवणार. घरी शेंगा फोडताना, कणीक मळताना, धान्य निवडताना त्याला शेजारी बसवा, सांडलं तर सांडू द्या. आणि खात्री पटत नसेल तर एक सकाळ माझ्या अंगणात येऊन बसा.