'थांबा' म्हणणारा

रिलीजच्या आदल्या रात्री टेस्टिंगवाला "थांबा" म्हणाला की आपलं डोकं फिरतं. पेशीत हेच काम करणारं एक प्रोटीन आहे, पी५३. १९७९ मध्ये सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं, हेच कॅन्सर घडवतं! हे तर कॅन्सर रोखणारं आहे, हे कळायला १९८९ उजाडलं.

डीएनएत बिघाड झाला की पी५३ पी२१ नावाच्या प्रोटीनला कामाला लावतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर पेशीला चक्क आत्महत्या करायला लावतं. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये याचाच जीन बिघडलेला असतो. मग ती पेशी थांबतही नाही, मरतही नाही. हत्तीकडे या जीनच्या २० प्रती आहेत. आपल्याकडे एकच जोडी, अर्धी आईची, अर्धी बाबांची.

मावशीला कॅन्सर झाला तेव्हा ती सारखी विचारायची, "माझं काय चुकलं रे?" पुष्कळदा कुणाचंच काही चुकलेलं नसतं. विभाजनात डीएनएची नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं, बस्स. एका दुपारी तिला हे सगळं सांगितलं. जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी जागं होतं म्हणायचं."